आधी ओल, मग फरशी

दिवाळी दोन महिन्यांवर आली किंवा घरात लग्न ठरलं, की घराघरांतून एक बोलणं हमखास सुरू होतं. "या वेळी फरशी बदलूनच टाकू या." मग दुकानांच्या चकरा होतात. मोठी फरशी घ्यायची की लहान, चकचकीत की खडबडीत, पांढरी लवकर मळेल का, नणंदेच्या घरी कोणती आहे, यावर आठ-आठ दिवस चर्चा रंगते. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. जुनी फरशी खराब झाली ती कशामुळे?

ती नुसती जुनी झाली असेल, झिजली असेल, तिचा रंग उडाला असेल तर काही प्रश्न नाही. खुशाल नवी घाला. पण एखादा कोपरा कायम दमट राहतो, पाय ठेवला की तिथली फरशी डुगडुगते, दरजांतून पांढरी भुकटी वर येते, असं असेल तर मैत्रिणींनो, बिघाड फरशीत नाही, फरशीच्या खाली आहे. ओल्या गादीवर कोरी चादर अंथरली म्हणून गादी काही वाळत नाही. तसंच हे.

म्हणून आज नव्या फरशीच्या रंग-नक्षीबद्दल न लिहिता तिच्या खालच्या थराबद्दल लिहिते आहे. "हे तर गवंड्याचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार?" असं म्हणून पान उलटू नका. घरातली फरशी रोज पुसतं कोण? कोणता कोपरा पुसल्यावर लगेच वाळतो आणि कोणता तासभर तसाच राहतो, हे पुसणाऱ्या हाताला सगळ्यांत आधी कळतं. ते बोलून दाखवायला मात्र हवं.

फरशीच्या पोटात काय असतं?

आपल्याला दिसते ती अर्ध्या-एक इंचाची फरशी. खाली काय आहे ते घरागणिक बदलतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांत खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. त्यावर दोन-चार इंच वाळू, मुरूम किंवा विटांच्या तुकड्यांचा भराव, मग सिमेंट-वाळूचा माल आणि त्यावर फरशी. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी स्लॅबच खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या कोब्याने भरलेला असतो. त्यातूनच पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप जातात. तळमजल्यावर जोत्यातला मुरमाचा भराव, त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि मग फरशी. जुन्या चाळींत आणि वाड्यांत मात्र लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर आणि वर शहाबादी किंवा लाद्या.

या भरावात पाणी शिरलं की तो स्पंजासारखा वागतो. समईत तेल तळाशी असतं, पण वात ते वर ओढून घेते ना? तसंच बारीक बारीक फटींतून पाणी वर आणि आडवं सरकत जातं. सातवीच्या मुलांना मी हे शिकवते तेव्हा खडूचं टोक शाईत बुडवून दाखवते. निळी रेघ वर चढताना पाहून मुलं गप्प होतात. तुमच्या घराच्या भिंतीही असंच पाणी पितात. म्हणून गळती असते एका जागी आणि ओल दिसते चार-सहा फुटांवर.

आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या शहाबादी फरशीला, शेणाने सारवलेल्या जमिनीला खालची ओल बाहेर टाकता येत असे. ती दरजांतून, पृष्ठभागातून थोडी थोडी उडून जाई. हल्लीच्या व्हिट्रीफाइड फरशा पाणी जवळजवळ शोषतच नाहीत. त्यांचा तो गुणच आहे. पण खालची ओल त्यांच्यातून वरही येऊ शकत नाही. मग ती भिंतीकडे वळते. फरशी वरून लखलखीत, आणि भिंतीच्या पायाशी रंगाचे पोपडे आणि लोणा! अशा वेळी पुष्कळ जण भिंत खरवडून पुन्हा रंगवतात. पुढच्या पावसाळ्यात ये रे माझ्या मागल्या.

घरच्या घरी परीक्षा

फरशी उकरण्याआधी चार परीक्षा आपल्या आपण करता येतात. खर्च जवळजवळ नाहीच.

पहिली ठोकून पाहण्याची. लाटण्याच्या टोकाने एकेक फरशी हलकेच ठोका. भरीव फरशीचा आवाज घट्ट येतो, खालचा माल सुटलेला असेल तर मडक्यासारखा पोकळ येतो. पोकळ फरशीवर खडूने गोल करत चला. खोलीभर फिरून झालं की मागे सरून बघा. सगळे गोल न्हाणीघराच्या दाराशी जमलेत, बाहेरच्या भिंतीला लागून आहेत, की खोलीभर पसरलेत? निम्मं निदान तिथेच होतं.

दुसरी प्लॅस्टिकच्या कागदाची. दीड-दोन फुटांचा पारदर्शक तुकडा संशयाच्या जागी पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालची जागा काळपट झाली तर ओल खालून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. त्यासाठी फरशी फोडू नका, खिडक्या उघडा. ही परीक्षा उघड्या काँक्रीटवर किंवा कोब्यावर उत्तम होते. व्हिट्रीफाइडवर करायची तर कागदाखाली दोन-तीन दरजा येतील असं बघा.

तिसरी मीटरची. रात्री निजताना सगळे नळ बंद करा, मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी पाइप गळतो आहे. मीटर नसेल आणि स्वतंत्र टाकी असेल तर भरणारा नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. ही परीक्षा कायम दाब असलेल्या पाइपांचीच हं. सांडपाण्याचा पाइप फुटला असेल तर मीटर काही बोलणार नाही.

त्यासाठी चौथी परीक्षा. न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपचं तोंड ओल्या फडक्याने आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करा, इंचभर पाणी साठवा आणि भिंतीवर पातळीची खूण करा. उंबरठ्यावरून पाणी बाहेर जाणार नाही एवढं बघा आणि खालच्या घरी आधी सांगून ठेवा. चोवीस तासांनी पातळी बरीच उतरली किंवा खालच्यांच्या छताला डाग वाढला, तर न्हाणीघराची जमीन गळते. पाणी तसंच राहिलं, पण ट्रॅप उघडून वापर सुरू केल्यावर डाग वाढला, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर.

शिवाय ओल कधी दिसते याची कॅलेंडरवर नोंद ठेवा. बारा महिने असेल तर पाइप. फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत, गॅलरी किंवा जमीन. सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर कोपरा कोरडा सापडला तर दोष वापराच्या पाण्याचा. कॅलेंडरवरची ही नोंद मिस्त्रीपुढे ठेवली की त्याचंही काम सोपं होतं.

एका घरची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी घडलं ते त्यांना विचारूनच लिहिते आहे. काका निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, पाठोपाठ मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या आत घर नवं दिसावं म्हणून फरशीचं काम काढलं. काकू सांगत होत्या, "न्हाणीघरासमोरची जागा पुसून वाळत नाही हो, तिथे काहीतरी आहे." मिस्त्री म्हणाला, "वहिनी, काही होत नाही, वरून सिमेंट बसलं की ओल दाबून जाते." काका म्हणाले, "तो वीस वर्षं हेच काम करतोय." जुन्या मोझाइकवरच नवी फरशी बसली. सहा दिवसांत काम झालं, लग्नात सगळ्यांनी वाखाणलं.

दुसऱ्या पावसाळ्यात भर दुपारी मोठा आवाज झाला. न्हाणीघराच्या दारासमोरच्या चार फरशा एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी दिवे गेले तेव्हा काकांच्या आई त्यांना अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आजी वाचल्या, पण पुन्हा स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत गेल्या नाहीत.

नंतर उकरलं तेव्हा भरावात गंजलेला लोखंडी पाइप निघाला. त्याला सुईएवढं छिद्र होतं. पाइपचा तेवढा तुकडा बदलायला प्लंबरला एक सकाळ लागली.

काकूंना मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतंत." त्या म्हणाल्या, "सांगितलं गं, पण अडून बसले नाही." त्यांचं हे बोलणं मला फार लागलं. दोष त्यांचा नव्हेच. पण ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा लेख.

उकरताना

गळती सापडली की ती आधी बंद करायची. पाइप बदलायचा, गॅलरीचा उतार सुधारायचा, बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरायच्या. त्यानंतर फरशीला हात लावायचा. हा क्रम उलटा झाला की सगळा खर्च दोनदा होतो.

फोडण्याआधी त्या खोलीच्या विजेचा स्विच मुख्य फळीवरून बंद करा, कारण पुष्कळ घरांत तारांच्या नळ्या भरावातून गेलेल्या असतात. पाण्याची मुख्य कॉकही बंद करा. मोठे हातोडे नकोत, छिन्नी-हातोड्याने कडेकडेने काढायला सांगा. खोलीच्या दारांना ओलं धडपं लावा. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर चार दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा. ओलीत वाढलेल्या बुरशीची धूळ वाईट. ओल आणि बुरशी असलेल्या घरांतून श्वासाचे विकार वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं आहे.

ओला भराव किती काढायचा? जिथे ओल संपते तिथून सगळ्या बाजूंनी आणखी फूटभर. मूठभर माल हातात घेऊन दाबा. गोळा होत असेल तर तो ओलाच. ओल्या भरावावर कोरडी वाळू टाकून वेळ मारून नेऊ देऊ नका. राडारोडा पोत्यांत भरून लगेच खाली न्या. खोलीतच ढीग राहिला तर त्यातली ओल परत खाली उतरते.

स्लॅब उघडा झाला की उजेडात नीट बघा. नुसता काळपट डाग असेल तर वाळू द्या. पण गंजाचे तांबडे डाग असतील, काँक्रीटचे पोपडे निघत असतील, लोखंडी सळ्या उघड्या पडल्या असतील, तर काम तिथेच थांबवा. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. हे काम मिस्त्रीच्या अंदाजाने करायचं नव्हे. बांधकामाच्या मजबुतीची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरला बोलवा. त्याची फी जास्त वाटेल, पण प्रश्न आपल्या आणि खालच्यांच्या डोक्यावरच्या छताचा आहे.

स्लॅबवरचं काम

स्लॅब पक्का असेल तर सुटा माल खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, झाडून घ्या. भेगा थोड्या रुंद करून त्यांत पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल दाबून भरायचा. जमीन आणि भिंत मिळते तिथे मालाची गोलाई करून घ्या. गवंडी त्याला वाटा म्हणतात. काटकोनात पाणी मुरतं, गोलाईवरून घरंगळतं.

त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात. पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, म्हणजे राहिलेल्या जागा झाकल्या जातात. लेप भिंतीवरही निदान फूटभर चढवायचा आणि जिथे अंगावर पाणी घेतो तिथे डोक्याएवढा. पाइप जमिनीतून वर येतो त्याच्याभोवती आणि ट्रॅपच्या कडेला दुप्पट काळजी घ्यायची, कारण बहुतेक गळती तिथूनच होते. लेप सुकला की पुन्हा एकदा पाणी साठवून निदान एक दिवस-रात्र ठेवायचं. मिस्त्री कुरकुर करील. करू दे. फरशीखाली गेल्यावर ही परीक्षा घेता येत नाही.

मग नवा भराव आणि वरचा समपातळीचा थर. न्हाणीघरात उतार ट्रॅपकडे हवा. चार फुटांना साधारण अर्धा इंच पुरतो. तो उतार खालच्या थरातच द्यायचा, नुसत्या फरशीने नव्हे. खोलीत मात्र पाणसळ लावून पातळी बघायची.

तळमजल्याची घरं

तळमजल्यावर पाणी नळाचं नसलं तरी जमिनीचं असतं. विदर्भ-मराठवाड्यात आणि देशावर पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर बसलेली फरशी वर्षातून दोनदा हलते. अशा ठिकाणी जोत्यातली काळी माती जमेल तेवढी काढून मुरूम भरावा लागतो. मुरूम एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसाने चोपणं. मग सोलिंग आणि त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. काँक्रीटच्या आधी, सोलिंगवर वाळू पसरून, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून घ्या. दुकानात एक हजार गेज म्हणजे अडीचशे मायक्रॉन असं सांगितलं की देतात. जोडाच्या जागी एकावर एक फूटभर यायला हवा आणि भिंतीला लागून वर वळवायला हवा. जमिनीची ओल वर न येऊ देणारा हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

घराबाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच झाली असेल तर तेही बघा. रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि जुनी घरं खाली जातात. बाहेर भिंतीलगत उताराची पट्टी आणि पाणी जायला गटार नसेल तर आतला खर्च वाया.

पुराचं पाणी घरात शिरलेल्यांसाठी दोन शब्द. २००५ च्या जुलैत मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला हजारो घरांत पाणी आलं. अशा घरांत पाणी ओसरलं तरी जोत्यात साठलेलं महिनोन्‌महिने राहतं. भराव पाण्याबरोबर वाहून गेला असेल तर फरशी नुसती अधांतरी असते. चिखल काढून, धुऊन झाल्यावर सगळी जमीन ठोकून बघा. पोकळ लागेल तिथे जड कपाट किंवा धान्याची कोठी ठेवू नका. नवी फरशी पुढच्या उन्हाळ्यात. तोपर्यंत साधा कोबा करून राहावं.

लाकडी मजला असेल तर

गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या चाळींत, पुण्या-नाशिकच्या वाड्यांत, कोकणातल्या माडीच्या घरांत हा प्रश्न वेगळा. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मोरीखाली लाकूड. पाणी वर्षानुवर्षं झिरपतं आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. वरून काहीच कळत नाही. चालताना जमीन दबल्यासारखी वाटली, लाद्या मोरीकडे कलल्या, तर दुर्लक्ष करू नका.

लाकूड उघडं करून दाभण किंवा पेचकस दाबून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं. कुजक्यात लोण्यात गेल्यासारखं जातं. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की कुजवणारी बुरशी धरते, वाळवीलाही ओल लाकूड आवडतं. कुजलेली फळी कापताना निरोगी लाकडात फूटभर आत जाऊन, आणि दोन्ही टोकं तुळईवर टेकतील अशीच कापायची. अधांतरी जोड नको. तुळई थोडी खराब असेल तर तिला खालून टेकू देऊन, शेजारी नवी जोडतुळई बोल्टने आवळतात. टोकच गेलं असेल तर इंजिनिअरशिवाय हात लावू नये. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या मूळ ढाच्याची दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. तिथे लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

फळ्यांऐवजी प्लायवूड घालायचं तर पाण्यात टिकणारं मरीन प्लाय मागा. त्यावर आय. एस. ७१० ची खूण असते. जाडी पाऊण इंच, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि दोन तुकड्यांत पातळ फट, म्हणजे पावसाळ्यात फुगायला जागा राहते. आणि हो, लाकडी मजल्यावर काँक्रीटचा जाड थर ओतून "एकदाचं पक्कं" करू नका. ते वजन तुळयांना पेलणारं नसतं.

वाळू द्या, वाळू द्या

सगळ्यांत अवघड काम हेच, कारण यात काहीच करायचं नसतं. नुसतं थांबायचं. सिमेंटच्या थरावर आधी सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तो भुसभुशीत राहतो. पण पाणी मारणं वेगळं आणि वाळणं वेगळं. वाळण्याचा मोजणी दिवस पाणी मारणं थांबवल्यावर सुरू होतो. काँक्रीटला इंचभर जाडीमागे साधारण महिना, असा जुना अंदाज आहे. भर पावसाळ्यात तर ते वाळतच नाही.

शहाबादी, कोटा किंवा साधी सिरॅमिक फरशी सिमेंटच्या मालात बसवायची असेल तर थर अगदी खडखडीत हवा असं नाही. खालून येणारं पाणी बंद झालेलं असलं की पुरे. पण लाकडी पट्ट्या, लॅमिनेट किंवा व्हिनाइल घालायचं असेल तर प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. थेंब दिसला तर आणखी पंधरा दिवस थांबा. पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

म्हणून हे काम होळीनंतर काढावं. चैत्र-वैशाखाचं ऊन फुकट मिळतं. दिवाळीच्या तोंडावर काढलं तर मिस्त्रीलाही घाई, आपल्यालाही घाई, आणि ओल तेवढी निवांत.

मिस्त्रीशी बोलताना

काम ठरवताना या गोष्टी कागदावर लिहून घ्या. ओला भराव पूर्ण काढणार. लेप कोणता, किती हात. पाणी साठवून परीक्षा दोनदा. मधले वाळण्याचे दिवस कामाच्या दिवसांत धरलेले. फरशी आणि भिंत यांत थोडी फट आणि वर पट्टी. फरश्यांमध्ये निदान दोन मिलिमीटरची दरज. व्हिट्रीफाइड असेल तर नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर न बसवता फरशीच्या चिकट मालावर, आणि तो फरशीच्या पूर्ण पाठीला. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता ठोकून पाहिल्यावर.

"जुन्यावरच नवी घालू" असं म्हणाला तर एवढंच विचारा, "खालची भरीव आहे का? कोरडी आहे का?" दोन्हींचं उत्तर तुमच्या खडूच्या गोलांत आहे. दोन्ही "हो" असतील तर हरकत नाही. मात्र स्लॅबवर वजन वाढतं आणि दारं खालून तासावी लागतात, हे आधी लक्षात घ्या.

आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी भांडणाआधी बोला. तिच्या छताचा डाग तुमच्या घराचा आरसा आहे. ती कधी डाग वाढतो ते सांगेल, तुम्ही कधी पाणी वापरलं ते सांगाल, आणि दोघी मिळून जागा शोधाल. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घराच्या आतली सदस्याने, अशी विभागणी आहे. सोसायटीला पत्र द्यायचं तर आधी गळती यांतली कोणती ते ठरवा.

खर्चाचं म्हणाल तर खालच्या कामाचे पैसे कुणाला दिसत नाहीत. हळदी-कुंकवाला आलेली एकही बाई "तुमचा भराव किती छान आहे हो!" म्हणणार नाही. तेव्हा पैसे कमी पडत असतील तर वरची फरशी थोडी हलकी घ्या, साध्या रंगाची घ्या, एका खोलीची पुढच्या वर्षी करा. खालचं काम मात्र अर्धं ठेवू नका.

या आठवड्यात एवढंच करा. लाटणं आणि खडू घ्या आणि दुपारी घरात कुणी नसताना एकदा सगळी फरशी ठोकून बघा. गोल करून ठेवा. संध्याकाळी मंडळी घरी आली की त्यांना ते दाखवा, आणि तो कोपरा कोरडा झाल्याशिवाय फरशीच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हे शांतपणे सांगा. कुणी हसलं तरी अडून बसा.